तेच पाकीट, तेच तिकीट, मग नॉटपेड कसं?

कारकून_एकटा: घरूनच लोकांचे हिशेब लिहून देतो. दर महिन्याला साठेक पाकिटं टपालात पडतात. डीएल मापाचं लांबट पाकीट, आत तीन पानं, वर पहिल्या टप्प्याचं म्हणजे २० ग्रॅमपर्यंतचं तिकीट. चार वर्षं एकाचीही तक्रार नव्हती. या महिन्यात मात्र अकरा ग्राहकांना दारात पैसे मोजून पाकीट सोडवून घ्यावं लागलं, तेही कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट. नॉटपेड म्हणतात ते हेच, तिकीट कमी पडलेलं टपाल. एक जण फोनवर म्हणाले, "तुमचं बिल वाचायलाही पैसे पडतात का हो?" काय बोलणार! टपालाचे दर वाढलेले नाहीत, पाकीटही तेच. वजन मी केलं होतं, पण ते पहिल्या वर्षी. काटा १९ दाखवत होता.

शाईचा_डाग: कागद बदललात का? ए४ पान म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा हिस्सा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम ते, म्हणून ८० जीएसएमचं पान ५ ग्रॅम भरतं. तीन पानं १५, पाकीट साडेचारच्या आसपास. म्हणजे चार वर्षं तुम्ही काठावरूनच चालत होतात.

कारकून_एकटा: अरे देवा. नवीन लेटरहेड! छापखान्यातला म्हणाला, जरा जाड घ्या, भारदस्त दिसेल. १०० जीएसएम.

शाईचा_डाग: मग झालं. पान सव्वासहा ग्रॅम, तीन पानं पावणेएकोणीस, पाकीट धरून सव्वातेवीस. हद्दीबाहेर साठही होती, सापडली अकरा. आणि एक पाकीट काट्यावर ठेवू नका, घरगुती काट्याला ग्रॅमचे अंश कळत नाहीत. दहा एकदम ठेवा नि दहानं भागा. पावसाळ्यात तर कागद ओल धरतो, एखादा ग्रॅम हाताशी ठेवाच.

चौकोनी_चूक: वजनात बसूनही दंड पडतो, हे माझ्याकडून ऐका. हौसेनं चौरस पाकिटं घेतली होती. वर्गवारीचं यंत्र लांब बाजूवरून पाकीट आडवं की उभं ते ओळखतं. चौरसाला लांब बाजूच नाही, म्हणून कित्येक देशांत त्याला जादा पैसे पडतात. आत जाड क्लिप, पेन, किल्ली असलं काही असेल तरी तेच. पाकीट रुळांमधून वाकून जायला हवं. तुम्ही पानं कशानं जोडता?

कारकून_एकटा: स्टेपलर, एकच पिन. आत्ता दहा पाकिटं एकदम ठेवली: २३३ ग्रॅम. डाग, तुमचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का निघाला, आणि हिशेब हा माझा धंदा! त्या जाड कागदाची दोन रिमं अजून पडून आहेत. पाठपोट छापलं तर दोन पानांत बसतं, म्हणजे सतरा. त्या अकरा जणांच्या पुढच्या बिलातून दंडाची रक्कम वजा करतोय. फोनवाल्यांना आधी कळवलं. म्हणाले, "पत्रानं कळवू नका म्हणजे झालं."