अँबॅसिडर: हीटरचा नॉब झिजला, गरम पाण्याचा कॉक (तोटी) पूर्ण बंद होत नाही

काळीमाती: नमस्कार मंडळी. गाडी अँबॅसिडर, १४८९ सीसी पेट्रोल, हीटर मूळचाच. डॅशवरचा ओढायचा नॉब हातात निघून येतो. ओढला की गरम पाणी सुरू होते, पण आत दाबला तरी थांबत नाही. मे महिन्यात ४५ अंशात पायाशी भट्टी पेटल्यासारखं होते. गॅरेजात मोपेडच्या ब्रेकची केबल टाकून दिली आहे. नवीन काय घ्यायचं आणि कसं बसवायचं?

वरूडकर: भाऊ, दोष त्या केबलीतच आहे. ब्रेकची केबल पिळाच्या तारेची असते, ती फक्त ओढते. हीटरचा कॉक ओढून उघडतो आणि ढकलून बंद होतो, म्हणून आत एकच अखंड पोलादी तार पाहिजे. पिळाची तार ढकलली की कॉकपाशी धनुष्यासारखी वाकते. बॉनेट उघडून कुणाला तरी नॉब दाबायला सांगा, लगेच दिसेल.

ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात इंजिन बंद करायची स्टॉप केबल मिळते. नॉबसकट असते. दुकानातच टोक पाहा: तार एकसंध असेल तरच घ्या. जुनी केबल सोबत न्या, लांबी तिच्यावर मोजून चार बोटं जास्त ठेवा. वाटेत काटकोनात वळवू नका, मोठा बाक द्या. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवाच, नाहीतर कव्हर घासून फाटते.

जोडताना खरी मेख इथं आहे. कॉक हातानं पूर्ण बंद करा. नॉब पूर्ण आत दाबा आणि मग २-३ मिमी बाहेर ओढा. त्याच जागी कॉकवरच्या तार धरणाऱ्या चिमटीचा स्क्रू आवळा. म्हणजे नॉब डॅशला टेकायच्या आधी कॉक बंद होतो. नॉब टेकवूनच आवळला तर कॉक केसभर उघडा राहतो, आणि तेवढंच पाणी आपल्याला भाजायला पुरते.

जुना हात: केबल लावण्याआधी कॉक हातानं फिरतो का ते बघा. आपल्याकडं रेडिएटरात बोअरचं पाणी टाकतात, त्याचा पांढरा थर कॉकमध्ये दगडासारखा बसतो. जाम कॉकनंच नॉब तुटतो, नवीनही तुटेल.

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची अर्थिंगची (बॉडीला जाणारी) वायर काढा. पाणी हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) खाली उतरेल इतकं घमेल्यात काढा. कूलंट असेल तर घमेलं झाकून ठेवा, ते गोड लागते म्हणून कुत्री आणि वासरं पितात आणि दगावतात. कॉक हेडच्या मागच्या टोकाला दोन नटांवर असतो. नटांना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. जोर लावून स्टड (नट बसतो तो आट्याचा खिळा) तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो, अख्खं काम वाढते. पितळी कॉक कोमट पाण्यात लिंबूसत्त्व टाकून दोन-तीन तास भिजवा, टूथब्रशनं घासा. तरी गळत असेल तर नवाच घ्या. कॉकखालचं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) मात्र दर वेळी नवीन. भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, हीटर उघडा ठेवून. बंद ठेवला तर आत हवा अडकते.

पांदणरस्ता: विदर्भात हीटर हवा कशाला? बायपास करून टाका, हीटरला पाणीच जायला नको.

जुना हात: नका करू. हिवाळ्यात पहाटे चिखलदऱ्याच्या घाटात काच धुक्यानं पांढरी होते, तेव्हा हाच कामी येतो. आणि उन्हाळ्यात चढावर तापमानाचा काटा लालकडं गेला तर हीटर उघडून पंखा लावला की इंजिनाची थोडी उष्णता निघून जाते. घाम फुटतो, पण हेड गॅस्केट वाचू शकते.

काळीमाती: कॉक हातानं फिरत नाही, जामच आहे. उद्याच काढतो. मूळ नॉब ठेवायचा आहे, त्याचं भोक मोठं झालं आहे.

वरूडकर: मग स्टॉप केबलचा नॉब काढून मूळचा बसवा. दांडीला व्हॅसलीनचा पातळ हात लावा, भोकात एराल्डाइट भरा, नॉब सरळ दाबून २४ तास हलवू नका. व्हॅसलीनमुळं पुढं कधी काढायचा झाला तर फिरवून निघतो.