जवसाची चटणी आणि वाफा: काहीही हं!

सोलापूरची सून:
'रोज दोन चमचे जवसाची चटणी खा, सहा आठवड्यांत पाळी जातानाच्या गरम वाफा बंद', हे परवा इथेच वाचलं आणि डोकं फिरलं. माझ्या सासरी २२ वर्षं भाकरीबरोबर तीच चटणी खातेय. तरी डिसेंबरात रात्री दोनला गाऊन पिळत बसले होते. पंखा पाचवर, नवरा गोधडीत. मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने १८८ बायकांवर चाचणी झाली. अर्ध्यांना जवसाची वडी, अर्ध्यांना बिनजवसाची. दोन्हीकडे तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त जणींच्या वाफा निम्म्यावर आल्या. जवस न खाताही!

जवसवाली:
ते परवाचं मीच लिहिलं होतं. तीनदाचा चहा एकदा केला, रात्रीचं तिखट बंद, दुधातून शतावरी कल्प, आणि चटणी. आता सकाळपर्यंत झोपते. तुमच्या चाचणीला माझी झोप दिसत नाही, त्याला मी काय करू?

सोलापूरची सून:
अहो ताई, मग हार चहाच्या गळ्यात घाला की! आणि कल्पात साखर किती असते, डब्यावर वाचलंत?

साधासरळ:
माझ्या बायकोला डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या घे म्हणतात. २००२ मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी स्तनांच्या कर्करोगामुळेच थांबवली ना? त्यापेक्षा चटणी बरी.

सोलापूरची सून:
त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. तुमच्या सौंचं किती?

माजलगावकरीण:
अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्याकडे ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या तिशीतच काढल्यात. २०१९ च्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार जणींत १३ हजारांहून जास्त निघाल्या. माझ्या जावेची बत्तिसाव्या वर्षी काढली. पाळीमुळे कामावर खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून. बीजांडकोशही काढले, लगेच वाफा सुरू. आता चाळिशीत कंबर धरून उठते. हाडं ठिसूळ झालीत का ते बघणारी डेक्सा तपासणी जवळपास कुठे होते?

साधासरळ:
हा विषय वेगळा आहे. वेगळा धागा काढा.

माजलगावकरीण:
वेगळा कसा? तिची पाळी गेली नाही का? का उसाच्या फडातल्या वाफा तुमच्या धाग्यात बसत नाहीत?

सोलापूरची सून:
साधासरळ, गप्प बसा जरा. बाई बरोबर बोलतायत.

जवसवाली:
बरं बाई, चहामुळेच असेल. पण चटणी सोडणार नाही.

सोलापूरची सून:
सोडा कोण म्हणालं? लसूण जास्त घाला.

माजलगावकरीण:
डेक्साचं विचारलं होतं मी.