मँचेस्टर युनायटेडची अकादमी पोरं घडवते, पण कुणासाठी?

सांगलीचा रेड डेव्हिल (धागाकर्ता):

मे २०२५ मधला तो आठवडा आठवतोय? १७ तारखेला वेम्ब्लीवर क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून एफए कप नेला, आणि पेनल्टी अडवली त्यांचा गोलकीपर डीन हेंडरसनने. २१ ला बिल्बाओत आपण टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल हरलो. २३ ला नापोली इटलीचं चॅम्पियन झालं. त्या मॅचचा पहिला गोल अधांतरी आडवं होऊन मारला स्कॉट मॅकटॉमिनेने, आणि हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. हे दोघंही आपल्या अकादमीतले. मॅकटॉमिने तर पाच वर्षांचा असल्यापासून. आपण मात्र लीगमध्ये पंधरावे.

माझं म्हणणं सरळ आहे. कॅरिंग्टनमध्ये, म्हणजे आपल्या सरावकेंद्रात, आता आपल्या संघासाठी पोरं तयार होत नाहीत, विकण्यासाठी होतात. कारण हिशेबात आहे. बाहेरून ६० मिलियन पाउंडांना पाच वर्षांच्या करारावर खेळाडू आणला, तर वहीत दरवर्षी १२ मिलियन खर्च पडतो. दोन वर्षांनी ३६ ला विकला तरी नफा शून्य. घरच्या पोराची वहीतली किंमतच शून्य, म्हणून तो ४० ला गेला की अख्खे ४० त्याच वर्षी नफ्यात. प्रीमियर लीगमध्ये तीन वर्षांत मिळून १०५ मिलियनच्या वर तोटा चालत नाही. मग जूनमध्ये हिशेबाचं वर्ष संपत आलं की अकाउंटंटच्या यादीत वरचं नाव कुणाचं असणार? मॅकटॉमिने, एलांगा, हेंडरसन, गार्नाचो. यादी बघा आणि मला खोटं ठरवा.

आणि हो, "१९३७ पासून प्रत्येक मॅचला अकादमीचा एक तरी पोरगा" हे कृपया सांगू नका. पाठ आहे.

कॅरिंग्टन काका:

खोटं ठरवतो. मॅकटॉमिने युनायटेडकडून अडीचशेच्या वर सामने खेळून गेला. संधीच दिली नाही असं म्हणायला तो काय कुलूपबंद होता? कधी बचावापुढे, कधी दहा नंबरला, गोल हवा असेल तेव्हा सरळ पुढे ढकलायचा, अशी त्याची फरपट झाली हे मान्य. पण दोष अकादमीचा की वर बसणाऱ्या मॅनेजरांचा? नापोलीत कोच कॉन्टेने त्याला एक जागा दिली, एक काम दिलं, आणि तो फुलला.

हेंडरसनचंही तेच. आधी डे हेया, मग ओनाना. गोलकीपरची जागा एकच असते हो, सव्विसाव्या वर्षी माणूस किती दिवस हातमोजे घालून बाकावर बसेल? गेला ते बरंच केलं.

माझ्या मते अकादमीचं काम व्यावसायिक फुटबॉलपटू घडवणं हे आहे. त्यातला प्रत्येक जण ओल्ड ट्रॅफर्डवरच खेळला पाहिजे हा आपला हट्ट आहे, पोराचा नाही.

शिट्टी_वाजली:

१९३७ चं सांगू नका म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो, पण उलट्या बाजूने. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हा क्रम सुरू झाला तेव्हा इंग्लंडमध्ये बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. ती सोय १९६५ ला आली. म्हणजे पहिली पंचवीस-तीस वर्षं हा विक्रम टिकवायला पोराला खरोखर मैदानात उतरवावं लागत होतं. आता प्रीमियर लीगमध्ये बाकावर नऊ जण बसतात, त्यातले जास्तीत जास्त पाच उतरतात. एक अठरा वर्षांचा पोरगा ट्रॅकसूटमध्ये नव्वद मिनिटं बसवला की विक्रम शाबूत. आकडा तोच, अर्थ गेला.

जाताजाता अजून एक खोड काढतो: "क्लास ऑफ ९२" या आपल्या गाजलेल्या अकादमी तुकडीत स्कोल्सला घालणाऱ्यांनो, १९९२ ची यूथ कप (पोरांचा एफए कप) फायनल तो खेळलाच नाही. तो आणि धाकटा नेव्हिल, फिल, १९९३ च्या फायनलमध्ये होते, आणि ती आपण लीड्सकडून हरलो.

निळा डोंबिवलीकर:

चेल्सीवाला आहे, शिव्या आधीच घालून घ्या.

हा धंदा आम्ही तुमच्या कितीतरी आधी सुरू केला. माउंट, टोमोरी, अब्राहम, लिव्हरामेंटो, मात्सेन, गॅलघर. तुम्ही ज्या एफए कप फायनलचं सांगताय ना, त्यात पॅलेसचा कॅप्टन गेही, तो आमच्या कोबम अकादमीचा. म्हणजे तुमचा गोलकीपर आणि आमचा सेंटर बॅक, कप तिसऱ्याच्या कपाटात.

पण संधी कशी मिळते ते ऐका. २०१९ ला फिफाने आमच्या खरेदीवर बंदी घातली. विकत घेता येईना म्हणून तेव्हाचा मॅनेजर लॅम्पार्डने माउंट, अब्राहम, टोमोरी, रीस जेम्स यांना खेळवलं. दोनच वर्षांनी माउंट आणि जेम्स चॅम्पियन्स लीग जिंकले. बंदी नसती तर त्यातले निम्मे उधारीवर नेदरलँड्स-बेल्जियम फिरत राहिले असते. तुमच्या रॅशफर्डचंही तसंच. फेब्रुवारी २०१६ ला वॉर्मअपमध्ये मार्सियाल दुखावला म्हणून तो डेन्मार्कच्या मिट्यिलांविरुद्ध उतरला. त्या रात्री दोन गोल, तीन दिवसांनी आर्सेनलला दोन. मार्सियालचा पाय धड असता तर?

म्हणून क्लबचा "मार्ग", "योजना" वगैरे शब्द ऐकले की मला हसू येतं. दार उघडतं ते कुणीतरी लंगडल्यावर.

सांगलीचा रेड डेव्हिल:

@कॅरिंग्टन काका, "मॅनेजरचा दोष" म्हणताय, मग माइनूचं काय? २०२४ ची एफए कप फायनल आपण सिटीविरुद्ध २-१ जिंकलो, दोन्ही गोल अकादमीच्या पोरांचे, गार्नाचो आणि माइनू. त्याच उन्हाळ्यात माइनू इंग्लंडकडून युरोची फायनल खेळला, वय १९. आणि पुढच्याच्या पुढच्या हंगामात आमोरिमनी त्याला लीगमध्ये एकदाही सुरुवातीच्या अकरात घेतलं नाही. त्याचा भाऊ "माइनूला सोडा" असं छापलेला टी-शर्ट घालून स्टेडियममध्ये बसला होता! शेवटी आमोरिम गेले, कॅरिक आले, तेव्हा कुठे पोरगा परत संघात. अडीच वर्षांत मॅनेजर बदलणार आणि प्रत्येक जण आपली वेगळी पद्धत आणणार असेल, तर नऊ वर्षांच्या पोराला दहा वर्षांनी काय लागेल हे अकादमी कशावरून शिकवते? एकाला तीन बचावपटू हवेत, दुसऱ्याला चार. विंगर घडवत बसलात आणि मॅनेजरच्या पद्धतीत विंगरला जागाच नाही.

कॅरिंग्टन काका:

गार्नाचोला "घरचा" म्हणताय ते कसं? तो ऑक्टोबर २०२० मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून आला, सोळाव्या वर्षी. पोग्बा तसाच ल हाव्हरहून. नियमाने २१ व्या वर्षाआधी तीन वर्षं इंग्लिश किंवा वेल्श क्लबात काढली की झाला स्थानिक. ब्रेक्झिटनंतर तीही वाट बंद झाली, २०२१ पासून १८ च्या आतला परदेशी मुलगा आणता येत नाही. म्हणजे आता खरोखर आसपासची पोरंच वाढवायला लागणार. मला तर वाटतं पुढची दहा वर्षं मँचेस्टरमधल्या मुलासाठी बरी असतील.

आणि ते हिशेबाचं: अकादमीवरचा खर्च त्या १०५ मिलियनच्या तोट्यात धरतच नाहीत. क्लबांनी पोरांवर पैसा लावावा म्हणूनच तशी सवलत ठेवली. २०२६-२७ पासून तर नियमच बदलतोय, संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचा.

सांगलीचा रेड डेव्हिल:

सवलत पोरं वाढवायला दिली आणि क्लबांनी त्यातून पोरं विकायला काढली. काका, तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

आणि विकायचं तर निदान नीट तरी विका! एलांगा २०२३ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टला सुमारे १५ मिलियनला दिला, दोन वर्षांत न्यूकॅसलने त्याच्यासाठी ५० च्या वर मोजले. आमच्या बाजारसमितीतला अडत्यासुद्धा हळदीचा भाव इतका चुकवत नाही.

सेल मूरची आई:

मी मूळची नाशिकची, बरीच वर्षं ग्रेटर मँचेस्टरमध्ये. तुम्ही सगळे जे अठरा-वीस वर्षांच्या मुलांबद्दल बोलताय, ती आधीच जिंकलेली मुलं आहेत. खालचं सांगते. क्लबचं नाव घेत नाही, युनायटेड असेल-नसेल, काय फरक पडतो.

आमच्या थोरल्याला नऊ वर्षांखालच्या गटात घेतलं. आठवड्यात तीन संध्याकाळी सराव, रविवारी सकाळी मॅच. शाळा सुटली की गाडीत डबा, गाडीतच गणित. पोळीचा रोल उजव्या हातात आणि पेन्सिल डाव्या, असला प्रकार. दर काही आठवड्यांनी रिव्ह्यू: तांत्रिक, शारीरिक, सामाजिक, प्रत्येकासमोर हिरवा-पिवळा-लाल रंग. मुलगा सातवीच्या वयात आला आणि वर्गातली बाकीची पोरं खांद्याएवढी वाढली, हा तिथेच. त्या वर्षी "शारीरिक" पिवळं झालं, पुढच्या वर्षी लाल. शेवटची भेट एका तात्पुरत्या केबिनमध्ये, दहा मिनिटं. बोलणारा कोच सभ्य होता, उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. पण मुलाला त्याआधी पंधरा दिवस माहीत होतं, कारण पुढच्या हंगामाच्या किटचं माप घ्यायला बाकीच्यांना बोलावलं आणि ह्याला नाही.

माझा आक्षेप काढून टाकण्याला नाही. सगळ्यांना कसं ठेवणार? पण चार वर्षं ज्याला शाळेत सगळे "तो अकादमीवाला" म्हणत होते, त्याला सोमवारी शाळेत जाताना काय म्हणायचं हे कुणीच शिकवलं नाही. क्रिस्टल पॅलेस सोडलेल्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा करतं असं वाचलंय. हे सक्तीचं का नाही?

शिट्टी_वाजली:

ताई, उंचीचं बोललात ते फार खरं आहे. सप्टेंबरमध्ये जन्मलेला, म्हणजे गटात सगळ्यात मोठा, आणि मागाहून वाढणारा यांना एकाच फूटपट्टीने मोजतात.

उलट बाजूही आहे, की बारा वर्षांचा उत्तम म्हणजे वीस वर्षांचा उत्तम नव्हेच. २०११ चा युनायटेडचा यूथ कप संघ घ्या. सगळ्यांची नजर रॅव्हेल मॉरिसनवर होती, तो वर्षाच्या आत वेस्ट हॅमला गेला. विल कीनचा गुडघा गेला. लिंगार्ड लहानखुरा, उशिरा वाढलेला, त्याने २०१६ च्या एफए कप फायनलला जादा वेळेत विजयी गोल मारला. आणि पोग्बा २०१२ ला फुकट सोडला, २०१६ ला ८९ मिलियन देऊन परत आणला! कुठला कोच छातीवर हात ठेवून सांगेल की तेव्हाच मला माहीत होतं?

पेठेतला हाफबॅक:

कोल्हापूरवरनं बोलतोय. तिकडं क्लब पोरगं विकतोय म्हणून रडताय व्हय? आमच्याकडं क्लबच जातोय, पोरगं ऱ्हातंय.

अनिकेत जाधव आमचाच, २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडनं खेळला. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. पुण्यात त्या काळात काय काय होतं? पुणे एफसीची अकादमी, डीएसके शिवाजियन्सची लिव्हरपूलबरोबरची अकादमी, एफसी पुणे सिटी. आज तिन्ही क्लब न्हाईत. पुणे सिटी २०१९ ला गुंडाळला. २०२५ ला तर आयएसएलच, म्हणजे इंडियन सुपर लीगच, अडकली, मोठमोठ्या क्लबांनी पगार थांबवले. हितं पोराला "तुला पुढच्या वर्षी ठेवणार नाही" म्हणणारा कोच पुढच्या वर्षी स्वतःच नसतोय.

तरी शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला पाय ठेवायला जागा न्हाई, म्हणून सांगतो, प्रेम कमी नाही. पैसा आणि सातत्य कमी आहे. दहा वर्षं पोरगं सांभाळून मग ४० मिलियनला विकणारा क्लब आमच्या दारात आणा, मी स्वतः हार घालतो.

निळा डोंबिवलीकर:

हाफबॅक 👏 बाकी तुमच्या गार्नाचोला घेताना आम्ही ४० मिलियन दिलेत हां, परत मागू नका.

कॅरिंग्टन काका:

@सेल मूरची आई, तुमचं वाचून एक नाव आठवलं. झिदान इक्बाल, मँचेस्टरचाच, वडील पाकिस्तानी, आई इराकी. डिसेंबर २०२१ ला स्वित्झर्लंडच्या यंग बॉइज क्लबविरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये शेवटी शेवटी उतरला, युनायटेडकडून खेळणारा पहिला ब्रिटिश दक्षिण आशियाई. पुढे संधी मिळाली नाही, २०२३ ला उट्रेक्टला गेला. त्याच रात्री चार्ली सॅव्हेजही उतरला होता, तोही त्याच उन्हाळ्यात रेडिंगला. सांगलीकर म्हणतील "बघा, विकले". मी म्हणतो दोघं पोटापाण्यापुरतं फुटबॉल खेळतायत, आणि ते थोडं नाही.

तुमच्या मुलाचं पुढे काय झालं?

सेल मूरची आई:

शाळेच्या संघात खेळतो, सेंटर बॅक. हो, उंची वाढली, आता सहा फूट! परत ट्रायल देणार का विचारलं तर "नको, रविवारी उशिरापर्यंत झोपायला मिळतं" म्हणाला.

आता प्रश्न धाकटीचा आहे. दहा वर्षांची आहे, तिला दुसऱ्या एका क्लबच्या मुलींच्या अकादमीत बोलावलंय. नवरा ठाम नाही म्हणतो, ती ठाम हो म्हणते. शनिवारपर्यंत कळवायचंय.

सांगलीचा रेड डेव्हिल:

नका पाठवू. एकाचं बघितलंत ना.

शिट्टी_वाजली:

मुलींचं गणित मुलांसारखं धरू नका. एला टून लहानपणी युनायटेडच्या अकादमीत होती, पण क्लबला मुलींचा वरिष्ठ संघच नव्हता, म्हणून ब्लॅकबर्न, सिटी असं करत फिरली. २०१८ ला संघ निघाला तेव्हा परत आली आणि २०२४ च्या महिलांच्या एफए कप फायनलला पहिला गोल तिचाच. म्हणून आधी हे विचारा की ह्या क्लबचा बायकांचा संघ कुठल्या डिव्हिजनमध्ये आहे, आणि गेल्या दोन वर्षांत अकादमीतल्या किती जणींना वर घेतलं. उत्तर देताना अडखळले तर घरी.

कॅरिंग्टन काका:

पाठवा. पण एका वर्षाचीच सही करा, आणि शाळेच्या संघातून नाव काढू देऊ नका. काही क्लब काढायला लावतात.

सेल मूरची आई:

हे शाळेच्या संघाचं माहीत नव्हतं. उद्या फोन करून विचारते.