दुसऱ्या साइटच्या आतल्या पानाची लिंक द्यायला परवानगी लागते का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी चार वर्षं एक साधं पान चालवतोय. त्यावर माझं लिखाण जवळजवळ नाहीच, नुसत्या लिंका आहेत: हवामान खात्याचा अंदाज, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले, रेसिड्यूच्या (फळात उरणाऱ्या औषधांच्या अंशाच्या) मर्यादा, बाजारभाव. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडला की डाऊनी रोगाच्या धास्तीनं लोक पहाटे बागेत उभं राहून हे पान उघडतात.

गेल्या आठवड्यात एका खासगी संस्थेचा मेल आला. रोगांची माहिती देणाऱ्या त्यांच्या अकरा पानांच्या लिंका मी दिल्या आहेत. 'आमच्या धोरणानुसार लेखी परवानगीशिवाय लिंक देता येत नाही. दिली तर फक्त मुखपृष्ठाची. सात दिवसांत काढा, नाहीतर कायदेशीर कारवाई करू.' पानं सगळ्यांना खुली आहेत, लॉगिन नाही, पैसे नाहीत. मजकुराची एक ओळ मी उचललेली नाही.

मुखपृष्ठावरून भुरी रोगाच्या माहितीच्या पानापर्यंत जायला पाच ठिकाणी दाबावं लागतं. सासऱ्यांना शेजारी बसून शिकवलं, तरी जमलं नाही. माझे निम्मे वाचक त्यांच्याच वयाचे आहेत.

बऱ्याच सरकारी साइट्सचं धोरण याच्या उलट आहे: परवानगी नको, फक्त कळवा, आणि आमचं पान तुमच्या चौकटीत दाखवू नका. युरोपीय न्यायालयानंही २०१४ मध्ये स्वेन्सन खटल्यात सांगितलं की सगळ्यांना खुल्या असलेल्या मजकुराची लिंक द्यायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. पण ते तिकडचं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(सी) मध्ये 'हक्कधारकाने स्पष्ट मनाई केलेली नसेल तर' असे शब्द आहेत. मी अडकलोय तो इथे. त्यांचं धोरण म्हणजे ही मनाई झाली का?

प्रतिसाद १

दादा, ते कलम नीट वाचा. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेली ती सवलत लिंक देताना होणाऱ्या तात्पुरत्या साठवणुकीसाठी आहे. तुम्ही त्यांचं काही साठवतच नाही, मग सवलत हवी कशाला? आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं म्हणजे करार झाला असं नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्तावाला स्वीकार लागतो, तुम्ही तर कुठे 'मान्य' दाबलेलंही नाही. त्यांना खरंच नको असेल तर ती पानं लॉगिनमागे ठेवता येतात.

पण एक तपासा. त्यांचा लोगो किंवा फोटो तुमच्या पानात दिसतात का? ते प्रकरण वेगळं.

धागाकर्ता

तपासलं. भुरी आणि डाऊनी ओळखायचे दोन फोटो त्यांच्याच सर्व्हरवरून माझ्या पानात उमटत होते. म्हणजे फोटो त्यांचे आणि डेटाचा भारही त्यांच्यावर. ही माझी चूक, आजच काढले. सासऱ्यांच्या बागेतले स्वतः काढलेले फोटो टाकतोय.

लिंका मात्र ठेवल्या आहेत. मेलला उत्तर लिहिलंय: फोटोंबद्दल माफी, लिंकांबद्दल नम्र नकार, आणि त्या कुठल्या कायद्याखाली काढायच्या एवढा प्रश्न. मुदत शुक्रवारी संपते. पाठवण्याआधी नाशिकमधल्या, अशी प्रकरणं पाहिलेल्या एखाद्या वकिलाला दाखवायचं आहे. माहितीत कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.