सोलापुरात लॉ करणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात? कोथरूडकरांना उत्तर (लांबलंय, सांभाळून घ्या)

सातरस्ता

परवा ‘कोथरूडचा_सोलापूरकर’ यांनी इथं लिहिलं की नुसतं लॉ शिकवणारी सुटी कॉलेजं सरकारनं बंद करून टाकावीत. बापाकडं पैसा असेल तर पोरानं नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीला जावं, नसेल तर स्पर्धा परीक्षा द्यावी, सोलापुरातली एलएलबी म्हणजे तीन वर्षं पाण्यात. वर शेवटी, “कोर्टाबाहेर अ‍ॅफिडेव्हिट टाइप करत बसलेले वकील पाहिले की कीव येते.” या वाक्यावर माझी सटकली. नाहीतर सोडून दिलं असतं.

सुटं कॉलेज म्हणून नाक मुरडता, मग मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज काय आहे? 1855 पासून नुसतं लॉच शिकवतंय, बाबासाहेब तिथं प्राचार्य होते. पुण्याचं आयएलएस 1924 चं, तुमच्या कोथरूडहून रिक्षानं जाता येतं, तेही तसलंच. 2020 च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की एका विषयाच्या संस्थांनी हळूहळू अनेक विषयांचं व्हावं. व्हावं की. शेजारच्या खोलीत बी.कॉम.चा तास भरला म्हणून मनाईचा अर्ज लिहिता येणार आहे का पोराला?

आता खर्च. फीचं काय घेऊन बसलात? अनुदानित तुकडीची वर्षाची फी पोरांच्या खिशातल्या मोबाइलपेक्षा कमी आहे. तुमच्या नॅशनल लॉला वर्षाला लाखात मोजायचे, तिथल्या प्रवेश परीक्षेचा, क्लॅटचा, क्लास वेगळा. खरा खर्च सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आल्यावर सुरू होतो. सिनियरकडं पहिली दोन-तीन वर्षं काय मिळतं? चहा, कधीमधी पेट्रोल, आणि “शिकतोयस ना, मग!” बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 द्यावेत. सोलापुरातल्या कुठल्या ऑफिसात ते पाळलेलं दिसलं तर फोटो टाका, फ्रेम करून घेतो. पण पुण्यात तरी काय वेगळं आहे? तोच चहा, वर कॉट बेसिसचं भाडं आणि मेस. इथं पोरगं घरी जेवतं. हा हिशेब तुमच्या पोस्टमध्ये कुठंच नाही.

कोथरूडचा_सोलापूरकर

जीएलसी-आयएलएसच्या पदराआड लपू नका. तिथून निघालेल्या पोराला दाराशी हायकोर्ट आहे, नाहीतर कंपन्या आहेत. आपल्याकडं काय आहे?

आणि मी ऐकीव बोलत नाही. जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात तीन वर्षं काढलीत. नाव घेत नाही. तुकडी साठची, वर्गात बसायला सात-आठ जण. बाकीचे कोण? झेडपीचे गुरुजी, बँकेतले, एक रिटायर्ड फौजदार. ते साहेब प्रमोशनला उपयोगी म्हणून नाही, घरी करमत नाही म्हणून आलेले! हजेरी 70 टक्के लागते, ती फॉर्म भरायच्या आठवड्यात सगळ्यांचीच भरायची. मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटूचा खटला) म्हणजे गेल्या वर्षीच्या पोराची फाइल घ्यायची, वरचं पान बदलायचं, शिक्का मारून घ्यायचा. प्रॅक्टिकलच्या तोंडीला सरांनी मला विचारलेला एकमेव प्रश्न होता, “गाव कुठलं?” वकीलपत्र कसं दिसतं ते मी सनद मिळाल्यावर पाहिलं.

याला तुम्ही कॉलेज म्हणता? घरच्या जेवणावर वकील होत असते तर आमची आजी हायकोर्ट जज झाली असती.

गड्डा_मैदान

फौजदारावर घसरू नको बे. नोकरी करत लॉ करणाऱ्यांनीच कॉलेजं जगवलीत इथं. आणि सुशीलकुमार शिंदे विसरला का? सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाले होते, तिथनं कुठपर्यंत गेले बघ.

कोथरूडचा_सोलापूरकर

त्यांनी बी.ए. दयानंदला केलं. लॉ पुण्या-मुंबईला. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभारी आहे.

तिसरं_सेम

मी सध्या शिकतेय, त्यामुळे मला बोलू द्या. पप्पा लूमवर, आई विड्या वळते. मुलींच्या फी माफीच्या 2024 च्या जीआरमुळे माझी ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, आणि अशा माझ्या वर्गात बऱ्याच मुली आहेत. पुण्याला जा म्हणणाऱ्या दादांनी हॉस्टेलचे पैसे पाठवावेत, उद्या निघते.

शिकवण्याबद्दल दादा बोलले ते खोटं नाही. आमचे कॅप राउंड, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या, इतके लांबले की पहिल्या सेमचा अर्धा अभ्यास वर्गात झालाच नाही. म्हणून मी दुपारी एका मॅडमच्या ऑफिसात बसते. तिथं परवा पूर्व भागातल्या एक आजी आल्या होत्या. नवरा टॉवेलच्या कारखान्यात होता, वारला, ग्रॅच्युइटी मिळेना. मॅडम मराठीत विचारत होत्या, आजी मान हलवत होत्या, कळत काहीच नव्हतं. मी तेलुगूत विचारलं तसं त्यांनी पदराच्या गाठीतनं कारखान्याचा जुना पगाराचा कागद काढला, मालकाच्या सहीचा. तो आधीच्या वकिलाला त्यांनी दाखवलाच नव्हता, कारण त्यानं मागितला ते त्यांना समजलंच नव्हतं. वकीलपत्रावर अंगठा घेताना मॅडम मला म्हणाल्या, “आता तू रोज ये.” महिन्याला थोडे पैसेही सुरू केलेत. नॅशनल लॉचा टॉपर त्या आजींशी कसा बोलला असता?

बार्शीलाईट

ताई, छान लिहिलंत. पण तुमच्यासारखी एक. मी कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. नवीन वकील टेबलाशी येऊन उभे राहतात आणि विचारतात, “साहेब, पुरशिस कशावर लिहायची?” पुरशिस म्हणजे कोर्टाला द्यायचं साधं लेखी निवेदन! केसचा रोजनामा वाचता येत नाही, नकलेचा अर्ज भरता येत नाही. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. खुनाला 302 जाऊन भारतीय न्याय संहितेचं 103 आलं. म्हटलं आता तरी नवी पोरं जुन्यांना शिकवतील. कसलं काय, दोघंही मोबाइलवर शोधतात.

कडकभाकरी_टेक्सास

मला एकच विचारायचंय. कॉलेजातनं बाहेर पडलेल्यांचं पुढं झालं काय, हे सांगणारा एक तरी आकडा तुमच्यापैकी कोणाकडं आहे का?

इकडं अमेरिकन बार असोसिएशन प्रत्येक लॉ स्कूलला ते छापायलाच लावते. पास होऊन दहा महिने झाल्यावर किती जण वकिलीत, किती भलत्याच नोकरीत, किती घरी, किती जणांचा पत्ताच नाही. 2010 ला पहिल्या वर्षाचे प्रवेश 52 हजारांवर गेले होते. नोकऱ्या आटल्या, आकडे उघडे पडले, तशी गर्दी ओसरली. सुट्या स्कूलांना फटका जोरात, कारण मागं विद्यापीठ नाही, सगळा डोलारा फीवर. शार्लटचं एक स्कूल 2017 ला बंदच झालं, कारण सरकारनं तिथल्या पोरांची कर्जं थांबवली. सॅन डिएगोच्या थॉमस जेफरसन लॉ स्कूलवर तर एका विद्यार्थिनीनं नोकऱ्यांचे आकडे फुगवले म्हणून 2011 मध्ये दावा लावला. 2016 ला ज्युरीनं तिच्या विरोधात निकाल दिला, ते सोडा. निदान फुगवायला आकडा होता. आपल्याकडं तेवढाही नाही.

गड्डा_मैदान

अमेरिकेचं काय सांगतो अण्णा. इथं सेमचा रिझल्ट लागंना, दहा महिन्यांनंतरचं कोण बघतंय.

सातरस्ता

टेक्सासवाले बरोबर बोलले. माहितीपत्रकात लायब्ररीचा फोटो असतो, मूट हॉलचा असतो. सनद किती जणांनी घेतली, बार एक्झाम किती जणांना निघाली, तीन वर्षांनी कोर्टात किती उरले, यातलं काही नसतं. आणि वकिली करायला लागणारी ही बार एक्झाम तरी काय, बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचं नुसतं पुस्तक) समोर ठेवून 45 टक्के.

भीमाकाठ

45 टक्क्यांना हसू नका, मला दोनदा द्यावी लागली. दर वेळी साडेतीन हजार. आणि सनदीला आम्ही पंधरा हजाराच्या आसपास मोजले. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, 750 च्या वर घ्यायचे नाहीत, एससी-एसटीला 125. पण आधी घेतलेले परत नाहीत! ज्यांनी व्याजानं काढून भरले त्यांनी काय करायचं?

जज व्हायला म्हणून लॉ केलं होतं. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं तेही गेलं. आता परीक्षेआधी तीन वर्षं वकिली पाहिजे, आणि तिचा दाखला दहा वर्षं झालेल्या वकिलाकडनं, वर न्यायाधीशाचा शेरा. म्हणजे सिनियरनं फुकट राबवलं तरी तोंड उघडायचं नाही, दाखला त्याच्याच हातात.

काळाकोट

सगळे सिनियरच्या नावानं खडे फोडताय म्हणून लिहितो. पस्तीस वर्षं झाली या धंद्यात. माझ्याकडे 138 चे, म्हणजे न वटलेले चेक, वाटणीचे दावे आणि अपघाताचे क्लेम. पक्षकार तारखेला आला की आधी एसटीचं भाडं सांगतो, मग माझी फी निम्मी करतो. वीस हजार ज्युनियरला दिले तर मी काय घरी नेऊ? परिपत्रक दिल्लीत बसून काढलं, त्याला पैसे लागत नाहीत.

आणि निराशेचा सूर पुरे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (अजून कायम न झालेलं खंडपीठ) सुरू झालं, सोलापूर जिल्हा त्यात आहे. उद्घाटन केलं ते तेव्हाचे सरन्यायाधीश गवई अमरावतीत लॉ शिकलेले. आता इथल्या पोराला मुंबईच्या वकिलाकडे केसची ब्रीफ पाठवायची गरज नाही. स्वतः उभं राहा.

कोथरूडचा_सोलापूरकर

राज्यपाल झालेल्या रा. सू. गवईंचं, त्यांच्या वडलांचं, घर होतं ते, काका. आमच्या ताईचे पप्पा लूमवर आहेत.

जेऊर_स्टेशन

कोल्हापूर? कुणाच्या सोयीचं हो? मी करमाळ्याचा. आम्हाला पुणे जवळ. मुंबईला जायचं तर जेऊरला गाडीत बसलं की झालं. कोल्हापूरला जायला आधी आख्खा जिल्हा ओलांडायचा.

काळाकोट

सहा जिल्ह्यांचे वकील या बेंचसाठी वर्षानुवर्षं लढले. तेव्हा तुम्ही जेऊरच्या फलाटावर होता का?

जेऊर_स्टेशन

लढले कोल्हापूरकर, कोल्हापूरसाठी. आपले बारवाले ठराव करून टाळ्या वाजवून आले.

गड्डा_मैदान

सिद्धेश्वरला रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी. झोप पण होत होती. आता मंगळवेढा-सांगोला-मिरज करत पहाटे गाडी हाणायची, ड्रायव्हरचं जेवण वेगळं. पक्षकार म्हणतो, अंतर निम्मं झालं, फी पण निम्मी करा.

अक्कलकोट_रोड

कलबुर्गीला 2008 ला सर्किट बेंच बसलं, 2013 ला कायम झालं. आमच्या गावावरनं तासा-दोन तासांत. सीमेपलीकडच्या माझ्या मेव्हण्याला हायकोर्ट दारात, मला दोनशे किलोमीटरच्या पुढं. सोलापूरला का मागितलं नाही कुणी? विद्यापीठ एका जिल्ह्याचं मिळालं 2004 ला, बेंच मागायला लाज वाटली?

काळाकोट

अहो, आलंय ते तरी टिकवा! अजून सर्किट आहे, कायम झालेलं नाही. तिथे कामं कमी दाखल झाली तर उद्या म्हणतील गरज नव्हती. मग बसा सिद्धेश्वरमध्ये झोपत.

जेऊर_स्टेशन

टिकवायची जबाबदारी करमाळ्याच्या शेतकऱ्याची का? सात-बाऱ्याची भांडणं त्याची, खर्च त्याचा, आणि अभिमान तुमचा. तुमचा कोट काळा आहे म्हणून आम्ही गप्प बसायचं का?

काळाकोट

भाषा नीट वापरा.

सातरस्ता

दोघंही थांबा. धागा लॉ कॉलेजचा आहे. बेंचचा वेगळा काढा, मीही येतो तिथं भांडायला.

कोथरूडकर, चहा आणि भाड्याच्या हिशेबाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

कोथरूडचा_सोलापूरकर

देतो. पुण्यात मी सिनियरकडं दीड वर्ष काढलं ते बायकोच्या पगारावर. आता एका कंपनीत करार तपासतो. तेव्हापासून कोर्टाचं तोंड पाहिलेलं नाही. तेव्हा हो, पुण्यातही ज्युनियरला चहाच मिळतो, फक्त महाग असतो. खूश? पण वर्गात सात-आठ जण ही गोष्ट त्यानं बदलत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये बार कौन्सिलनं तीन वर्षं नवीन लॉ कॉलेज नाही म्हणून सांगितलं, ते काय उगाच? दर्जा घसरला म्हणूनच ना?

सातरस्ता

नवीन नको म्हणाले, आहे ती बंद करा म्हणाले नाहीत. तुमच्या पोस्टमध्ये कुलूप होतं.

कोथरूडचा_सोलापूरकर

बरं, कुलूप मागं घेतो. किल्ली माझ्याकडं ठेवतो.

मोहोळकर_पालक

सगळं वाचलं. मुलीचा ऑप्शन फॉर्म परवापर्यंत भरायचाय. बी.एस्सी. झालीय. शेवटी भरू की नको, एवढंच सांगा. एका कॉलेजातनं फोन आला होता, थेट मॅनेजमेंट कोट्यात घेतो म्हणून.

बार्शीलाईट

भरू नका. तलाठी होऊ द्या.

काळाकोट

भरा. आणि पहिल्या वर्षापासून कोणाच्या तरी ऑफिसात बसवा. माझ्याकडे पाठवलं तरी चालेल. वीस हजार मिळणार नाहीत.

तिसरं_सेम

काका, मॅनेजमेंट कोट्याला हो म्हणू नका. फी माफी हवी असेल तर प्रवेश कॅपमधनंच झाला पाहिजे, आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, नंतर सेतूत रांग असते. कॉलेजात गेलात की लायब्ररी बघू नका, गेल्या तुकडीतल्या किती जणांनी सनद घेतली ते विचारा. सांगितलं नाही तर शिपाईमामांना विचारा, त्यांना माहीत असतं. आणि ताईला एखादा दिवस कोर्टात मागच्या बाकावर बसू द्या, पुकारे ऐकू द्या. कंटाळली नाही तर भरा.

जेऊर_स्टेशन

आणि पुढं अपिलात कोल्हापूरला जायला गाडी घेऊन ठेवा.

काळाकोट

तुम्ही वेगळा धागा काढणार होता ना?