पाझर तलावातला गाळ: एकरी किती टाकायचा आणि खोदायचं कुठवर?

मुरमाड_रान:
गावचा पाझर तलाव एप्रिलमध्येच आटतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेतून गाळ उचलायचा ठराव झालाय. माझं रान दोन एकर, वीतभर माती, खाली मुरूम. किती ट्रॉल्या लागतील, अनुदान बसेल का? काही जण म्हणतात, पोकलेन आलंच आहे तर मुरूमही काढून तलाव खोल करू.

ब्रास_मोजणारा:
एकरावर एक इंच थर म्हणजे सुमारे 103 घनमीटर, साधारण 36 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). तुमच्या रानाला चार इंच धरा: एकरी 145 ब्रास. 2023 च्या सुधारित योजनेत अत्यल्प आणि अल्प भूधारकांना घनमीटरला 35.75 रुपये, एकरी 15,000 पर्यंत आणि अडीच एकरांना जास्तीत जास्त 37,500 मिळतात. म्हणजे मर्यादा जवळपास चार इंचांनाच संपते. 8-अ वर, म्हणजे खातेउताऱ्यावर, एकूण क्षेत्र दोन हेक्टरांच्या आत हवं.

ट्रॉली टेपने मोजा. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, दीड फूट उंच असेल तर 90 घनफूटच भरते, पूर्ण ब्रास नाही. शिवाय उकरलेला गाळ फुगतो, त्यामुळे खड्ड्याचं माप आणि खेपांचं माप कधीच जुळत नाही. कुठलं माप धरणार, हे पहिली खेप निघण्याआधी अधिकाऱ्यांकडून ठरवून घ्या. वाद इथेच होतात.

पाणलोट_अभ्यासक:
मुरमाला हात लावू नका. योजना फक्त गाळासाठी आहे, वाळू काढायला पूर्ण बंदी आहे आणि मुरूम हे गौण खनिज, त्याला वेगळी परवानगी लागते. पाझर तलावाचं काम पाणी जिरवण्याचं. तळावर बसलेला चिकण गाळ भेगा बुजवतो, तो निघाला की खालच्या विहिरींना पाझर पुन्हा सुरू होतो. जास्त खोलीने त्यात भर पडत नाही. साठवण तलावात तर मूळ तळ फोडला की पाणी थांबतच नाही. फावड्याला रंग बदललेला दिसला, खडे लागले, की थांबायचं. भरावाच्या पायथ्याशी तर मुळीच खोदू नये. किती अंतर सोडायचं त्याची फक्की मारून आखणी उपअभियंत्याकडून आधीच करून घ्या. आणि वरच्या ओढ्यांवर बांधबंदिस्ती नसेल तर काही पावसाळ्यांत तलाव पुन्हा भरेल. ठरावात तेही घाला, ही माझी कळकळीची विनंती.

माती_परीक्षक:
दादा, टाकण्याआधी तपासा. तलावात तीन-चार ठिकाणचा, वेगवेगळ्या खोलीचा गाळ मिसळून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) 8.5 च्या वर किंवा क्षारता मीटरला 1 डेसीसायमन्सच्या वर असेल तर नको. चुनखडी 10 टक्क्यांपुढे असेल तर मोसंबी-संत्र्याला तो घालू नका, नवी पालवी पिवळी पडते.

घरच्या घरी बघायचं तर काचेच्या बाटलीत एक भाग गाळ, दोन भाग पाणी घालून हलवा. मिनिटभरात तळाला बसते ती वाळू. निम्म्याहून जास्त वाळू असेल तर डिझेल वाया.

मुरमाड_रान:
पहिल्याच वर्षी सोयाबीन घेता येईल?

माती_परीक्षक:
येईल, पण गाळ मेच्या मध्यापर्यंत पसरून उन्हात तडकू द्या. ओला नांगरला तर ढेकळं होतात आणि उगवण विरळ होते. वाळल्यावर रोटाव्हेटरने खालच्या मातीत मिसळा, नुसता वर ठेवला तर पहिल्या जोराच्या पावसात वाहून परत तलावात जातो. गाळात नत्र कमीच असतं, म्हणून एकरी दोन-तीन ट्रॉली कुजलेलं शेणखत घाला. शेजारच्या भारी काळ्या रानात मात्र गाळ टाकू नका, तिथे निचरा आणखी बिघडेल.