'ट्रेन्ड इम्युनिटी'ला मराठीत काय म्हणावं?

उपजत प्रतिकारशक्तीवर लेख लिहिते आहे. ('जन्मजात' मुद्दाम टाळलं, त्या शब्दामागे 'दोष' आपोआप ऐकू येतो.) प्रतिकारशक्तीचे अभ्यासक मिहाई नेटेआ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या 'ट्रेन्ड इम्युनिटी'पाशी (एका अनुभवानंतर उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशी पुढच्या वेळेसाठी जास्त तयार होतात, ही कल्पना) अडले. 'प्रशिक्षित' फार कागदी वाटतं. 'सरावलेली' चालेल का?

*

'सरावलेली' नको. सरावलेला हात चपळ असतो हे खरं, पण कान गोंगाटाला सरावले की गोंगाट जाणवेनासा होतो. असंही शरीरात घडतं: जिवाणूंच्या आवरणातल्या विषाशी, एंडोटॉक्सिनशी, वारंवार गाठ पडली की मोनोसाइट (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी थंडावतात. तुम्हाला सांगायचंय ते नेमकं उलट. बीसीजी लस किंवा यीस्टमधलं बीटा-ग्लुकन अनुभवलेली पेशी पुढच्या वेळी जास्त जोरात उठते, समोरचा जंतू अगदी वेगळा असला तरीही.

म्हणून 'प्रशिक्षित'ही खटकतं. प्रशिक्षण ठरावीक कामाचं असतं. एकाच जंतूला नेमकं ओळखणं हे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या शाखेतल्या बी आणि टी पेशींचं काम.

*

मग 'कमावलेली'? कमावलेलं शरीर म्हणतोच की आपण.

*

छान आहे, पण कमावलेली म्हणजेच अर्जित, आणि 'अर्जित प्रतिकारशक्ती' हे त्या बी-टी पेशींच्या शाखेचं रूढ नाव. वाचक हमखास घोटाळ्यात पडेल.

माझं मत 'कसलेली'ला. कसलेला मल्ल एकाच प्रतिस्पर्ध्याचे डाव पाठ करून उतरत नाही, त्याचं अंगच तयार असतं. इथेही डीएनएची अक्षरं तीच राहतात, फक्त त्याची गुंडाळी जागोजागी सैल होते आणि गरजेची जनुकं चटकन कामाला लागतात. या क्रियेला 'तालीम' म्हणा. मोनोसाइट रक्तात फार तर काही दिवस टिकते, तरी परिणाम कित्येक महिने दिसतो, कारण तालीम अस्थिमज्जेतल्या, जिथून या पेशी तयार होतात त्या मूळपेशींपर्यंत पोचते.

*

'कसलेली' मलाही पटलं. मात्र त्यात निव्वळ कौतुक आहे. हीच तयारी रक्तवाहिन्यांच्या दाहाला हातभार लावत असावी असा संशोधकांचा कयास आहे, तेवढं लेखात येऊ द्या.

*

येईल, वेगळ्या परिच्छेदात. सुरुवातीचं वाक्य आता असं केलंय: 'बीसीजी क्षयासाठी टोचतात, पण तिच्या तालमीत कसलेल्या पेशी इतर जंतूंनाही जोरात भिडतात.'